रस्त्यांची डागडुजी आणि कार्बन: हिशेब नेमका कुठून मांडायचा?

वळणवाट

नागपूर-मनसर बायपासवरच्या जैव-बिटुमेनची बातमी अजूनही महिन्यातून एकदा कुठल्या ना कुठल्या गटात येऊन पडते. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे किलोमीटरभर रस्ता लिग्निनपासून (वनस्पतींमधला एक चिवट घटक) केलेलं बिटुमेन, म्हणजे डांबर, वापरून झाला. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज या कंपनीचं, सोबत केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, म्हणजे सीआरआरआय. नेहमीच्या डांबरात १५ टक्के मिसळ. त्याच्या आधी जानेवारी २०२४ मध्ये मुंबई-गोवा महामार्गावर रायगड जिल्ह्यात डोळवीच्या पोलाद कारखान्यातलं स्लॅग, म्हणजे पोलाद बनवताना उरणारी मळी, खडीऐवजी वापरून असाच एक तुकडा झाला. दोन्ही प्रयोग चांगलेच आहेत, त्यांना नावं ठेवायला हा धागा काढलेला नाही.

पण माझं आयुष्य डांबरी कामांच्या गुणवत्ता तपासणीत गेलं. ही बातमी वाचली की मनात येतं, बाकीच्या रस्त्यांचं काय? दर दिवाळीनंतर सुरू होणारं आणि मे महिन्यात घाईघाईने उरकलं जाणारं जे काम आहे, त्यातला कार्बन कोण मोजतंय?

म्हणून आधी ढोबळ हिशेब मांडतो. ७ मीटर रुंद, १ किलोमीटर लांब, वर ४० मिमीचा डांबरी थर. म्हणजे २८० घनमीटर, सुमारे ६७० टन माल. त्यात साडेपाच टक्के धरून ३७ टन डांबर. हॉटमिक्स प्लांटला, म्हणजे खडी तापवून डांबरात घोळवणाऱ्या कारखान्याला, टनामागे ६ ते ८ लिटर इंधन लागतं, म्हणजे साडेचार-पाच हजार लिटर. त्याचा कार्बन डायऑक्साइड १२-१३ टन. डंपर १६ टनांचा धरला तर ४२ फेऱ्या. प्लांट ४० किलोमीटरवर असेल तर ९००-१,००० लिटर डिझेल, म्हणजे अडीच-तीन टन. डांबर तयार होताना टनामागे पाव ते अर्धा टन धरला तर आणखी १२-१५. खडी फोडणं-आणणं ६-७ टन. माल पसरणारं पेव्हर यंत्र, रोलर किरकोळ. एकूण बेरीज साधारण ३५ टनांवर येते.

आता वॉर्म मिक्स केलं, म्हणजे माल कमी तापमानाला बनवला, तर खडी तापवणाऱ्या बर्नरचं इंधन २० ते ३० टक्के वाचेल. म्हणजे अडीच ते चार टन. जैव-बिटुमेन १५ टक्के घातलं तर डांबराच्या वाट्यातून थोडं सुटेल. पण जो थर सहा वर्षं टिकायला हवा तो दोन वर्षांत उखडला, तर ३५ चे १०५ होतात आणि वरची सगळी बचत त्यात वाहून जाते. आपल्याकडे डागडुजीचा कार्बन कमी करायचा म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणं थांबवायचं. बाकीचं सगळं त्यानंतर. हे माझं मत. खोडून काढा.

कसबेकर

खोडत नाही, पण पुढच्या तीन प्रतिसादांत पुण्याचा जंगली महाराज रस्ता येणार याची पैज लावतो.

वळणवाट

तुम्हीच आणलात. आता आलाच आहे तर सांगतो. श्रीकांत शिरोळे महापालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात रेकॉन्डो नावाच्या कंपनीने तो रस्ता हॉटमिक्स पद्धतीने केला, तोही १० वर्षांच्या लेखी हमीवर. हमी संपल्यावरही कित्येक वर्षं त्यावर खड्डा पडला नाही. त्या काळी कार्बनचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता, पण पुण्यातला सगळ्यात कमी कार्बनचा डांबरी रस्ता तोच असावा. त्यात जादू काही नव्हती. पाया नीट, पाण्याला वाट, मालाचं तापमान आणि दाबकाम बरोबर, आणि बिघडलं तर स्वतःच्या खिशातून करायचं हे ठेकेदाराला माहीत.

ठाणेकर_रवी

मग सगळं काँक्रीटच का करत नाही? मुंबईत करतायत ना. एकदा केलं की तीस वर्षं बघायला नको.

डांबरट

रवी, थांब, काँक्रीटवर जुनेजाणते बोलतील. मी प्लांटचं बोलतो, कारण त्या १२-१३ टनांवर माझं पोट आहे.

वळणवाटकाका, तुमचा ६ ते ८ लिटरचा आकडा बऱ्यापैकी कोरड्या खडीचा आहे. दिवाळीच्या आसपास प्लांट पहिल्यांदा पेटतो तेव्हा काय होतं बघा. चार महिने उघड्यावर भिजलेले ढीग. वरून वाळल्यासारखे दिसतात, लोडरची बकेट आत घातली की काळंभोर ओलं निघतं. मोठी खडी पाणी धरत नाही, ग्रिट, म्हणजे बारीक खडी, थोडं धरते, पण कच, म्हणजे खडीचा चुरा, अगदी स्पंजच. मुठीत दाबली तर लाडू वळतो. आणि मालात कच निम्म्याच्या आसपास असते.

एका टन खडीत १ टक्का ओलावा म्हणजे १० लिटर पाणी. ते उकळून वाफ करून चिमणीतून घालवायला जवळपास लिटरभर इंधन जातं. ओलावा ५ टक्के असेल तर साडेचार-पाच लिटर नुसते पाणी उडवायला. दगड १६० अंशांपर्यंत तापवायला त्याहून कमी लागतात! चिमणीतून पांढरा धूर निघतो तो बघून लोक म्हणतात प्रदूषण. अहो, ती वाफ आहे, आमचे पैसे आहेत ते.

ठाणेकर_रवी

मग शेड का घालत नाही? पैसे तुमचेच जातात ना?

डांबरट

कारण जागा भाड्याची. दोन-तीन हंगामांचं काम असतं, मग प्लांट उचलून दुसऱ्या तालुक्यात. चारही ढिगांवर शेड म्हटलं की मालक हात जोडतो. पण नुसत्या कचीवर पत्रा घातला आणि ढिगाखाली उतार देऊन मुरूम दाबला, तरी निम्म्याहून जास्त फायदा मिळतो. ढीग सपाट जमिनीवर असला की खालचं पाणी जातच नाही, आणि लोडरवाला नेमका खालूनच उचलतो. त्याला एवढंच सांगायचं, की फूटभर थर खाली सोड. याला काहीच खर्च नाही, पण त्याला रोज सांगणारं माणूस लागतं.

दुसरी गोष्ट जादा तापवण्याची. साइट लांब असेल, वाटेत ट्रॅफिक असेल, तर प्लांटवरचा माणूस माल थंड पडू नये म्हणून १७५-१८० ला काढतो. इंधन जातं ते जातंच, पण डांबर जळतं. निळसर धूर आला की समजायचं. तो रस्ता पहिल्या वर्षी काळा कुळकुळीत दिसतो आणि तिसऱ्या वर्षी कडक होऊन तडकतो. म्हणजे काकांच्या हिशेबात दोन्हीकडून मार. डंपरवर ताडपत्री नीट बांधली तर यातलं निम्मं टळतं. आपल्याकडे ताडपत्री असते, ती केबिनच्या मागे गुंडाळलेली.

वळणवाट

हा प्रतिसाद कुठल्याही परिपत्रकापेक्षा मोलाचा आहे. वॉर्म मिक्सचं काय? वापरता?

डांबरट

एकदा केलं, राष्ट्रीय महामार्गाच्या कामावर. रसायन डांबरात मिसळायचं, माल १२५-१३० ला काढायचा, दाबायला सोपा जातो, मजुरांच्या डोळ्यांना झोंबत नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची (आयआरसी) मार्गदर्शक तत्त्वं २०१४ पासून आहेत, एसपी १०१. पण जिल्ह्याच्या कामावर साइट इंजिनिअर थर्मामीटर खुपसतो, १२८ दिसलं की गाडी परत. त्याचंही चूक नाही, त्याच्या हातातल्या कागदावर गरम मालाचंच तापमान छापलेलं असतं. निविदेत वॉर्म मिक्स ही वेगळी बाब आणि तिचा वेगळा दर नसेल तर ठेकेदार कशाला नादी लागेल?

जुनाजाणता

रवीसाहेब, काँक्रीटचा हिशेब. एका महापालिकेच्या रस्ते विभागात नोकरी झाली, तेव्हा दोन्ही बाजू बघितल्या आहेत.

वळणवाट यांचाच किलोमीटर घ्या. ७ मीटर रुंद, २० सेंटिमीटर जाड. १,४०० घनमीटर काँक्रीट. घनमीटरला ३८० किलो सिमेंट धरलं तर ५३० टन. सिमेंटमध्ये दोन ठिकाणी कार्बन सुटतो: भट्टी पेटवायला, आणि खुद्द चुनखडी फुटताना. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी दुसरा भाग सुटणारच, आणि तोच मोठा आहे. साध्या सिमेंटला टनामागे ०.८ ते ०.९ टन धरा. म्हणजे ४५० टनांच्या आसपास. राख किंवा दळलेलं स्लॅग चांगल्या प्रमाणात घातलं तर साडेतीनशेपर्यंत खाली येतं.

आता ४५० ला ३५ ने भागा. तेरा वेळा डांबराचा थर टाकावा तेव्हा एका काँक्रीटची बरोबरी होते. तीस वर्षांत तेरा थर म्हणजे सव्वादोन वर्षाला एक. डांबर पाच-सहा वर्षं टिकवता आलं तर कार्बनमध्ये काँक्रीट हरतं. दर दोन वर्षांनी उखडत असेल तर काँक्रीट जिंकतं. खालचे थर दोन्हीकडे सारखे धरलेत, त्यामुळे हे ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे. थोडक्यात, डांबर आपल्याला नीट करता येत नाही म्हणून काँक्रीट हिरवं दिसतं.

आणि तीस वर्षं बघायला नको हे तुम्ही म्हणता, ते केबलवाल्यांना, गॅसवाल्यांना आणि पाणीपुरवठ्याला सांगा. डक्ट, म्हणजे केबल-नळांसाठीची पोकळी, न ठेवता केलेलं काँक्रीट वर्षभरात कटरने कापलेलं मी पाहिलंय. त्या चरावर मग पेव्हर ब्लॉक बसतात.

कसबेकर

हे पटलं नाही. काँक्रीटला खड्डे बुजवायला दर पावसाळ्यात गाड्या फिरत नाहीत, ट्रॅफिक अडत नाही, त्याचा धूर कुठे धरलात?

मैथिली_द

कसबेकरांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. मी वाहतुकीच्या आकडेवारीत काम करते, तेव्हा वाहनांचा हिशेब जोडते.

एखाद्या शहरी रस्त्यावर दिवसाला १०,००० वाहनं. दुचाकी, कार, बस सगळं मिळून सरासरी किलोमीटरला ८० मिलि इंधन धरा. दिवसाला ८०० लिटर, वर्षाला २ लाख ९२ हजार लिटर, म्हणजे साडेसातशे टन कार्बन डायऑक्साइड. एका किलोमीटरवर, एका वर्षात! तो रस्ता खडबडीत झाल्यामुळे इंधन समजा नुसतं २ टक्के वाढलं, तर वर्षाला १५ टन. म्हणजे वळणवाट यांच्या बर्नरच्या १२-१३ टनांपेक्षा जास्त, आणि दरवर्षी. खड्ड्यापाशी ब्रेक मारून पुन्हा गिअर टाकणं यात धरलेलंच नाही.

आता उलट बाजू. वाडीवरचा रस्ता, दिवसाला २०० वाहनं, बहुतेक दुचाकी. किलोमीटरला ५० मिलि धरले तर वर्षाला साडेनऊ टन. त्याचे २ टक्के म्हणजे दोनशे किलोसुद्धा नाहीत. तिथे रस्ता गुळगुळीत ठेवण्यासाठी लवकर लवकर थर टाकणं कार्बनच्या दृष्टीने तोट्याचंच.

म्हणून सगळ्या रस्त्यांना एक नियम लावू नये. वर्दळीच्या रस्त्यावर वेळेत थर टाका, मालाच्या कार्बनकडे फार बघू नका, काम रात्री करा म्हणजे कोंडी टळेल. कमी वर्दळीच्या रस्त्यावर मात्र मालच मोजा. माझ्या मते मूळ धाग्यात हा फरक यायला हवा होता.

वळणवाट

मान्य, आणि जुनेजाणते यांच्या तेरा थरांनाही हे लागू पडतं. वर्दळीच्या रस्त्यावर तेरा वेळा रस्ता अडवण्याचा धूर धरला तर काँक्रीटचं पारडं जड होऊ शकतं. माझ्या डोळ्यांसमोर जिल्हा मार्ग होते.

उट्रेख्तकर

इथे नेदरलँड्समध्ये हा प्रश्न निविदेतूनच सोडवायचा प्रयत्न झालाय. २००९ मध्ये इथल्या रेल्वेमार्ग सांभाळणाऱ्या प्रोरेलने ‘कार्बन शिडी’ आणली. सुरुवातीला पाच पायऱ्या होत्या. कंपनी जितकी वरच्या पायरीवर, तितकी तिच्या निविदेच्या रकमेत तुलनेपुरती सूट धरतात. म्हणजे काम मिळायला मदत, पैसे मात्र भरलेल्या रकमेप्रमाणेच. आता रस्त्यांच्या कामांतही ती वापरतात. शिवाय महामार्ग खातं प्रत्येक मालाच्या पर्यावरणीय नुकसानीची युरोत किंमत काढतं आणि निविदा तोलताना तीही धरतं. मग ठेकेदार आपणहून प्लांटच्या ढिगांवर छत घालतो. डांबरटराव, तुमचा पत्रा इथे बऱ्याच ठिकाणी आहे!

आणखी एक. इथे उखडलेलं डांबर कुणी टाकत नाही. खालच्या थरांत निम्मा किंवा जास्त जुना माल सर्रास जातो. पण याचं कारण फक्त पर्यावरणप्रेम नाही. या देशाला स्वतःचा कठीण दगड जवळजवळ नाहीच. खडी नॉर्वे, स्कॉटलंड, जर्मनी, बेल्जियममधून येते. बोटीने आणलेला दगड कोण फेकेल? महाराष्ट्रात जिथे बघाल तिथे बेसॉल्ट. त्यामुळे इथलं जसंच्या तसं तिकडे चालेल असं मला वाटत नाही.

जुनाजाणता

खडी स्वस्त आहे हे खरं, पण मिलिंगच्या, म्हणजे खरवडून काढलेल्या जुन्या थराच्या, मालात डांबरही असतं, आणि डांबर आपल्याकडेही बोटीनेच येतं. देशाला वर्षाला ८०-९० लाख टन लागतं आणि त्यातला मोठा हिस्सा आयातीचा. जुन्या मालात पाचेक टक्के डांबर असतं. ते आपण साईडपट्टीला भर म्हणून टाकतो, नाहीतर कुणाच्या तरी फार्महाऊसच्या रस्त्यावर जातं. पुनर्वापराची मार्गदर्शक तत्त्वं आयआरसी १२० मध्ये २०१५ पासून छापलेली आहेत. बॅच प्लांटला थोडी जोड दिली की २०-३० टक्के जुना माल जातो. अडचण अशी की तो माल कुठल्या रस्त्याचा, त्यातलं डांबर किती कडक झालंय, हे तपासायला प्रयोगशाळा हवी, आणि साठवायला जागा. शहरात जागा हीच मोठी गोष्ट.

पाटीलवाडी

साहेबलोक, कार्बन सोडा, आमच्या फाट्यापासून शाळेपर्यंतचे खड्डे बुजवा. पोरं पडतायत.

वळणवाट

पाटील, म्हणूनच चाललंय हो. जे खड्डा पडू देत नाही तेच कार्बन वाचवतं, या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. तुमच्या रस्त्याच्या कडेला गटार आहे का? साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झालीय का?

पाटीलवाडी

गटार होतं. शेजारच्याने बांध घातला तेव्हा बुजलं. साईडपट्टीवर गुडघाभर गवत.

वळणवाट

मग कितीही भारी डांबर घाला, आषाढात उखडणारच. वरचा थर पातळ असेल तर मध्यापासून कडेपर्यंत दोन-अडीच टक्के उतार लागतो. ७ मीटरच्या रस्त्यात मध्य कडेपेक्षा फक्त ७ ते ९ सेंटिमीटर उंच. एवढ्याशा उतारावर पाणी जातं. आता साईडपट्टीवर माती साचून, गवत धरून ती रस्त्यापेक्षा बोटभर जरी वर आली, की कडेला पाण्याची लांबलचक पट्टी उभी राहते. ते पाणी डांबर आणि खडीच्या मधे शिरतं, वरून ट्रॅक्टरचं चाक आलं की दाबाने डांबर सुटतं. आधी कडा तुटते, मग ती आत सरकत येते. खड्डा बहुतेक वेळा कडेला किंवा मोरीच्या तोंडाशी सुरू होतो तो यामुळे.

यावरचा उपाय म्हणजे पहार, फावडं आणि वैशाखातले चार दिवस. त्याचा कार्बन शून्याच्या जवळ.

जुनाजाणता

हे काम मैलकुली करायचे. नवीन लोकांना हा शब्द माहीत नसेल. सार्वजनिक बांधकाम खात्यात ठराविक लांबीला माणसं नेमलेली असत. त्यांच्यावर मुकादम, वर रोड कारकून. त्याच माणसाला तोच रस्ता. कुठल्या मोरीत कधी पालापाचोळा अडकतो हे त्याला पाठ. रस्त्याकडेला खडीचे मोजलेले ढीग रचलेले असत, त्यातून घमेलंभर घेऊन बारीक खड्डा त्याच दिवशी बुजवायचा. ते लोक निवृत्त होत गेले आणि जागा भरल्या गेल्या नाहीत. आता वीतभर खड्ड्यासाठी अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा. तोवर तो टेबलाएवढा होतो, आणि मग शंभर किलोमीटर अंतरावरून यंत्र येतं. कार्बनची बचत शोधायला नेदरलँड्सला जायची गरज नाही, खात्याची जुनी हजेरीपुस्तकं काढा.

उट्रेख्तकर

😄 मान्य. पण इथेही वेळेत वरवरचा उपचार करण्यावर भर आहे. सच्छिद्र डांबरी थर सुटायला लागण्याआधी त्यावर मवाळ करणारं द्रव्य फवारतात आणि काही वर्षं मिळवतात.

वळणवाट

आपल्याकडे त्याच्या जागी सील कोट, स्लरी सील, मायक्रोसरफेसिंग असे पातळ थर आहेत. मायक्रोसरफेसिंगचा थर ४ ते ८ मिमीचा, इमल्शनमधला (पाण्यात मिसळलेलं डांबर), खडी तापवावीच लागत नाही. ४० मिमीच्या गरम थराशी तुलना केली तर माल पाचव्या ते दहाव्या हिश्शाचा आणि बर्नर बंद. पण तो धडधाकट रस्त्यावर करायचा असतो, आणि खड्डे नसलेल्या रस्त्यावर पैसे टाकायला कुठला लोकप्रतिनिधी नारळ फोडेल?

काळी_माती

मी हिंगोलीकडची. तुमचे सगळे हिशेब मुरमाच्या जमिनीवरचे दिसतात. आमच्या काळ्या कापसाच्या मातीत पावसाळ्यात रस्ता फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो. वर काहीही घाला, भेग खालून येते. दर काही वर्षांनी बीबीएम (डांबर ओतून दाबलेली खडी) आणि कार्पेट (वरचा पातळ डांबरी थर), बीबीएम आणि कार्पेट. गावाकडच्या कामाला अजून डांबराचे पिंप सरपणावर तापवतात, कधी कधी जुने टायर जाळून. त्याचा धूर कुणाच्या हिशेबात येतो?

आणि एक विचारायचंय. उत्तर प्रदेशात पंतप्रधान ग्रामसडक योजनेत जुना रस्ता जागेवरच फोडून, त्यात सिमेंट मिसळून पुन्हा दाबतात. एफडीआर म्हणतात. नवी खडी लागतच नाही म्हणे. आमच्याकडे ते का नको?

वळणवाट

ताई, टायर जाळायची गोष्ट वाचून वाईट वाटलं. त्यावरचा पर्याय बाजारात आहे: इमल्शन. पिंपातून थेट, न तापवता. कोल्ड मिक्सची मार्गदर्शक तत्त्वंही २०१४ ची आहेत, एसपी १०० म्हणून. ग्रामीण, कमी वर्दळीच्या रस्त्याला ते बसतं, आणि मैथिलीताईंनी सांगितलं तसं तिथे मालाचाच कार्बन महत्त्वाचा. मात्र इमल्शनमधलं पाणी निघून जायला ऊन आणि वेळ लागतो, पावसात ते चालत नाही.

एफडीआरचं उत्तर जरा लांबेल. पावणेचार मीटरचा रस्ता, २५ सेंटिमीटर खोल फोडला. किलोमीटरला सुमारे १,९५० टन माल. त्यात ५ टक्के सिमेंट म्हणजे ९५-१०० टन. कार्बन ६० ते ८० टन. वाचलं काय? तेवढीच नवी खडी. क्रशर जवळपास असेल तर फोडणं-आणणं धरून टनामागे १० किलोच्या आसपास, म्हणजे २० टन. नुसत्या मालाकडे बघितलं तर तोटाच!

मग उत्तर प्रदेशने का केलं? गंगेच्या मैदानात खडी लांबून आणावी लागते. अंतर दीडशे-दोनशे किलोमीटर झालं की वाहतुकीचाच हिशेब बदलतो, पैसेही वाचतात. शिवाय पाया कडक झाल्याने वरचा डांबरी थर पातळ चालतो. आपल्याकडे दगड दारात आहे, त्यामुळे सरसकट उचलू नये. मात्र तुमच्या काळ्या मातीत पाया फुगणं थांबवायला मिसळण लागतेच. तिथे खाली चुन्याने माती बसवायची आणि वरच्या जुन्या मालात इमल्शन किंवा फोम बिटुमेन (फेसाळवलेलं डांबर) आणि जेमतेम १ टक्का सिमेंट, असा मार्ग आयआरसी ३७ च्या २०१८ च्या आवृत्तीत बसतो. चुन्याचाही कार्बन आहेच. पण पाया हलायचा थांबला तर पुढचे चार कार्पेट वाचतील.

काळी_माती

म्हणजे ‘खडी लागत नाही’ हे ऐकून लगेच हिरवं समजायचं नाही. हे मी आमच्या उपअभियंत्यांना विचारणार आहे, आणि पिंपाखालच्या टायरबद्दलही.

ठाणेकर_रवी

प्लॅस्टिकच्या रस्त्याचं कुणीच बोललं नाही. मदुराईच्या त्या प्राध्यापकांना पद्मश्री पण मिळाली.

डांबरट

राजगोपालन वासुदेवन, २०१८ ची पद्मश्री. १६०-१७० अंशांच्या खडीवर प्लॅस्टिकचे बारीक तुकडे टाकायचे, ते वितळून खडीला लपेटतात, मग डांबर. डांबराच्या ६ ते ८ टक्के जागा प्लॅस्टिक घेतं, पाण्याने डांबर सुटणं कमी होतं. कचऱ्याची सोय म्हणून छान. पण त्याला खडी कडक तापलेली हवी आणि वॉर्म मिक्सला कमी तापलेली. एका निविदेत दोन्ही ‘प्राधान्याने वापरावे’ असं लिहिलेलं मी वाचलंय. लिहिणाऱ्याला साष्टांग नमस्कार.

मैथिली_द

आणि झिजलेल्या रस्त्यातून प्लॅस्टिकचे कण गटारात जातात का, हा प्रश्न उरतोच. तो कार्बनचा नाही, म्हणून इथे थांबते.

पाटीलवाडी

ग्रामसभेत गटाराचा विषय घेतला. शेजारी म्हणतो बांध त्याच्या सातबाऱ्यात आहे.

जुनाजाणता

पाटील, रस्त्याची हद्द मोजून घ्या. जिल्हा परिषदेचा रस्ता असेल तर बांधकाम उपविभागाकडे रस्ता नोंदवही असते, तीत रुंदी मिळेल. मोजणी होईपर्यंत भांडू नका, बांधाखालून निदान एक पाइप टाकायला त्यांना राजी करा. जूनच्या आत.

डांबरट

काका, मालकाशी बोललो. चारही ढिगांना शेड नाहीच, पण कचीवर पत्रा टाकायला तयार झालाय, जुना गोडाऊनचा पडलेला आहे तो. डिझेलची नोंदवही प्लांटवर रोजची असते, टनांची पण असते.

वळणवाट

उत्तम. पत्र्याआधीचे आणि नंतरचे आकडे इथे टाका, पण सोबत कचीचा ओलावा लिहा, नाहीतर हवामानाचा फरक आणि पत्र्याचा फरक वेगळे काढता येणार नाहीत. तव्यावर किलोभर कच भाजायची, आधी आणि नंतर वजन करायचं. पाच मिनिटांचं काम.

कसबेकर

एक प्रश्न जुनेजाणते यांना. आमच्या प्रभागातल्या निविदेत ‘मिलिंगमधून निघणारा माल ठेकेदाराने विल्हेवाट लावावी’ असं एक वाक्य आहे. तो किती निघाला, कुठे गेला, याची नोंद मागता येते का?

जुनाजाणता

येते. मिलिंगची मोजणी चौरस मीटर आणि खोली अशी मोजमाप पुस्तकात असते, त्यावरून टन काढा. विल्हेवाटीची नोंद बहुधा नसेल. माहिती अधिकारात दोन्ही मागा: मोजमाप पुस्तकाची प्रत आणि वाहतुकीच्या वजनपावत्या. दुसरं ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर ते जपून ठेवा. पुढची निविदा निघण्याआधी तोच कागद पुढे करून ‘मिलिंगचा माल महापालिकेच्या मालकीचा राहील आणि वजन करून आगारात जमा होईल’ ही अट घालायला सांगा. एका वाक्याचा बदल आहे.

कसबेकर

अर्जाचा मसुदा आज रात्री इथेच टाकतो, तपासून द्या.